ठाण्याला नेणे आणि ठाण्याला जाणे

१

मध्य रेल्वेच्या मार्गावर भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्ये नाहूर नावाचे स्टेशन आहे. गाव जुने, स्टेशन मात्र अगदी अलीकडचे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून सुटलेली पहिली उतारूगाडी १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन ठाण्याला गेली, ती याच वाटेने. तेव्हापासून दीडशे वर्षे गाड्या नाहूरवरून धावत राहिल्या. पण नाहूरच्या माणसाला गाडीत बसावयाचे तर भांडुपला किंवा मुलुंडला जावे लागे. नाहूरला स्वतःचे स्टेशन मिळाले २००६ साली.

रूळ दारावरून गेले म्हणून काही प्रवास सुरू होत नाही. गाडी जेथे थांबते तेथूनच तो सुरू होतो. आपल्याकडील मनाच्या उपचारांचा इतिहासही पुष्कळसा असाच आहे. शेवटचे स्टेशन फार पूर्वी बांधून तयार होते. मधली स्टेशने नव्हती. शेवटचे स्टेशन म्हणजे वेड्यांचे इस्पितळ. ते ठाण्याला १९०१ सालापासून आहे, आणि मुंबईच्या बोलीत त्याने एक वाक्प्रचारच रूढ करून टाकला. कोणी जरा विचित्र वागला की, "याला आता ठाण्याला न्या!" असे म्हणावयाचे. पुणेकर त्याच अर्थाने येरवड्याचे नाव घेत. थट्टेत म्हटलेल्या या वाक्यातील क्रियापदाकडे मात्र लक्ष द्यावे. क्रियापद आहे 'नेणे'. ज्याचे मन दुखते तो जात नाही; त्याला नेले जाते.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या 'नेणे'चे हळूहळू 'जाणे' झाले. माणूस आपल्या पायांनी, आपल्या मनाने, एका अनोळखी माणसासमोर जाऊन बसू लागला आणि आपले दुखणे सांगू लागला. हल्ली याला सर्रास 'थेरपी' म्हणतात आणि समोरच्याला 'थेरपिस्ट'. आपण उपचारक म्हणू. पहिल्यांदा उपचारकाकडे जाणाऱ्याच्या पोटात जो गोळा येतो, तो कशाचा असतो, आणि दाराच्या आत गेल्यावर प्रत्यक्षात काय घडते, हे समजून घ्यावयाचे तर ही वाट कशी तयार झाली ते आधी पाहिले पाहिजे.

२

उपचारक नव्हते तेव्हा मराठी माणूस आपले दुःख कोणापाशी बोलत होता? बोलत तर होताच. कोकणात गुरव किंवा मानकरी देवापुढे उभा राहून गाऱ्हाणे घाली, देवाला कौल लावी. भांडुप-नाहूरच्या बाजूला कोकणातून आलेली जी कुटुंबे स्थायिक झाली, त्यांना हे निराळे सांगावयास नको. पण गाऱ्हाण्याची रीत अशी की, दुःख एकाचे आणि बोलणारा दुसरा, आणि ऐकावयाला सारा गाव. जे सगळ्यांदेखत सांगता येईल तेवढेच गाऱ्हाण्यात यावयाचे.

बायकांना जाते होते. पहाटेच्या अंधारात दळता दळता सासुरवास, माहेरची ओढ, मेलेले मूल, दारुडा नवरा हे सारे ओव्यांतून बाहेर पडे. जात्याचा मोठा गुण असा की, ते ऐकलेले कोणाला सांगत नाही. त्याची उणीव एवढीच की, ते उलट काही विचारीत नाही. मन मोकळे होई, पण गाठ सुटेलच असे नव्हते. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या; हातांचे कष्ट वाचले आणि ऐकणारे जातेही गेले.

याहून अवघड दुखण्यासाठी भगत होता, देवऋषी होता, अंगात येणारी बाई होती. त्यांची आज आपण टिंगल करतो, आणि त्यांतील अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ साली कायदा केला हे योग्यच झाले. मारहाण करून, चटके देऊन भूत उतरविणे हा उपचार नव्हे. तरी इतिहास लिहिताना एक गोष्ट नोंदविली पाहिजे: भगताकडे जाणाऱ्याला कोणी वेडा म्हणत नसे. 'बाहेरची बाधा' झाली म्हटले की दोष माणसाच्या अंगाबाहेर जाई, आणि घराण्याची अब्रू शाबूत राही. आधुनिक उपचारांना जे अजून नीट साधलेले नाही, ते हे. माणसाला कमीपणा न आणता त्याला दारापर्यंत आणावयाचे कसे?

आणि गुरुपरंपरा तर होतीच. चांगदेवाची कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहावयाला तो बसला; पण वयाने लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावे, की ज्ञानाने थोर म्हणून 'तीर्थरूप' लिहावे, हे त्याला ठरेना, आणि शेवटी त्याने कोरेच पत्र पाठविले, असे परंपरा सांगते. त्या कोऱ्या पत्राला पासष्ट ओव्यांचे उत्तर आले. पहिल्यांदा उपचारकासमोर बसणाऱ्या पुष्कळांची स्थिती चांगदेवासारखीच होते. या माणसाला काय म्हणावे? डॉक्टर, सर, मॅडम, की ताई? सुरुवात कोठून करावी? आणि मग तोंडून शब्दच फुटत नाही. अशांनी चांगदेवाकडे पाहून धीर धरावा. कोरे पत्र हेही पत्रच असते. वाचणाऱ्याला ते वाचता आले पाहिजे.

३

इंग्रजी अमलाने वेड्यांची इस्पितळे बांधली आणि त्यांच्यासाठी कायदे केले. १८५८ साली पहिला कायदा झाला आणि १९१२ साली त्याची जागा 'इंडियन लूनसी ॲक्ट'ने घेतली. या कायद्याखाली रोग्याची पहिली भेट वैद्याशी नव्हे, तर मॅजिस्ट्रेटशी पडे. नातेवाइकांनी अर्ज करावयाचा, डॉक्टरांचे दाखले जोडावयाचे, आणि मॅजिस्ट्रेटने हुकूम काढावयाचा. रस्त्यावर भटकणारा असेल तर पोलिसांनी त्याला धरून हजर करावयाचे. आपण होऊन दाखल होण्याचीही सोय कायद्यात होती. पण तिचा लाभ घेणारे विरळा. सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राही ते उंच भिंतीचे, कुलुपाचे आणि हुकूमनाम्याचे. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही चाळीसहून अधिक वर्षे चालू होता. १९८७ साली नवा कायदा मंजूर झाला आणि तो १९९३ मध्ये अमलात आला. म्हणजे आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या प्रत्येकाचे बालपण १९१२ च्या कायद्याच्या छायेत गेले आहे. "लोक काय म्हणतील?" या भीतीचे मूळ केवळ अडाणीपणात नाही, कायद्यातही आहे. मनाच्या दुखण्याचा रस्ता जेव्हा कचेरीवरून जात होता, तेव्हा घरातील माणसाने ते लपवून ठेवले तर नवल ते काय?

त्याच काळात तिकडे व्हिएन्नात एक निराळाच प्रकार घडत होता. १८८० ते १८८२ या काळात योसेफ ब्रॉयर नावाच्या डॉक्टरकडे एक तरुण मुलगी उपचार घेत होती. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता ती स्वतःच आजारी पडली होती. आपल्या मनातील गोष्टी बोलून दाखविल्या की तिला तात्पुरता आराम पडे. या उपायाला तिनेच गमतीने 'धुराडे साफ करणे' असे नाव दिले होते. ब्रॉयर आणि त्याचा तरुण मित्र सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली ही हकीगत टोपणनावाने प्रसिद्ध केली. तिचे खरे नाव बेर्टा पापेनहाइम. ब्रॉयरच्या उपचारांनी ती एकदम बरी झाली असे मात्र नव्हे. त्यानंतरही तिला रुग्णालयात राहावे लागले. पुढे मात्र ती ज्यू स्त्रियांच्या चळवळीची नामांकित पुढारी झाली. तिचे नाव जगापुढे आले ते तिच्या मृत्यूनंतर १७ वर्षांनी, १९५३ साली, फ्रॉइडच्या चरित्रकाराने ते छापले तेव्हा. बोलून बरे होण्याची कल्पना आणि बोललेले गुप्त राहण्याचा प्रश्न ही दोन्ही अशी एकाच रोगिणीपासून सुरू झाली.

१९१३ साली फ्रॉइडने उपचाराची सुरुवात कशी करावी यावरच एक निबंध लिहिला. तो आजही वाचण्यासारखा आहे. त्याचे म्हणणे असे की, हा प्रकार बुद्धिबळासारखा आहे. पुस्तकातून शिकविता येतात त्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या चाली, मधला डाव प्रत्येकाचा निराळा. म्हणून सुरुवातीचे नियम तरी पक्के असावेत. रोग्याला प्रथम आठवडा-दोन आठवडे चाचणीदाखल घ्यावे. वेळ ठरवून द्यावी. पैशांविषयी आडपडदा न ठेवता पहिल्यापासून स्पष्ट बोलावे. तो स्वतः रोग्याला कोचावर निजवून त्याच्या मागे बसे. आणि याचे एक कारण त्याने प्रांजळपणे सांगून टाकले आहे, की दिवसाचे आठ आठ तास लोकांनी आपल्याकडे टक लावून पाहावे हे त्याला सोसत नसे!

त्याच निबंधात एक उपमा आहे, आणि ती नाहूरकरांनाच काय, लोकलने जाणाऱ्या कोणालाही चटकन पटेल. मनात येईल ते गाळल्याशिवाय सांगावे, हे रोग्याला समजावताना फ्रॉइड म्हणतो की, आपण आगगाडीत खिडकीशी बसलो आहोत आणि आत बसलेल्या सोबत्याला बाहेरचे बदलते देखावे सांगत आहोत, असे समजावे. हे महत्त्वाचे, ते क्षुल्लक, हे लाजिरवाणे, अशी निवड करावयाची नाही. खाडी दिसली तर खाडी म्हणावे, झोपड्या दिसल्या तर झोपड्या म्हणावे. खिडकीशी बसलेला मात्र आपणच असतो. देखावा सोबत्याला दिसत नाही. आपण सांगू तेवढाच त्याला कळतो.

४

ही विद्या हिंदुस्थानात आली ती टपालाने. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२१ च्या सुमारास फ्रॉइडशी पत्रव्यवहार सुरू केला, १९२२ मध्ये मनोविश्लेषणाची भारतीय संस्था काढली, आणि फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला, १९३१ साली, संस्थेतर्फे त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट पाठविली. दोघांची गाठभेट कधीच झाली नाही. १९३३ साली बोस यांनी कलकत्त्याच्या एका सर्वसाधारण रुग्णालयात मनोविकारांचा विभाग उघडला. याचे महत्त्व आज आपल्याला सहज कळत नाही. ज्या दारातून खोकल्याचा रोगी आत जातो, त्याच दारातून मनाचा रोगीही जाऊ लागला. बाहेर उभे राहून पाहणाऱ्याला दोघांत फरक दिसेना.

मुंबईत ही मधली स्टेशने एकामागून एक उभी राहिली. १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याचे विद्यालय निघाले. १९३७ साली तेथे मुलांच्या मानसिक अडचणींसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू झाले, आणि १९३८ साली जे. जे. रुग्णालयात डॉ. मसानींनी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग चालविला. रोग्याने यावे, बोलावे, आणि संध्याकाळी आपल्या घरी जेवावयास जावे! 'नेऊन ठेवणे' या कल्पनेला पहिला तडा गेला तो येथे.

मराठी माणसाच्या बाबतीत आणखी एक नाव घेतले पाहिजे. र. धों. कर्वे मानसोपचारक नव्हते. गणिताचे प्राध्यापक होते. पण त्यांनी १९२७ ते १९५३ या काळात जे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, त्यात वाचकांच्या अत्यंत खाजगी प्रश्नांना उत्तरे दिली जात. घरात ज्या गोष्टीचा उच्चारही अशक्य, ती लोक एका अनोळखी माणसाला पत्रातून लिहू लागले. आणि तो माणूस उपदेश न करता, नाक न मुरडता, कळेल अशा भाषेत उत्तर देऊ लागला. याच उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचा बचाव केला. खटला कर्वे हरले. पण न्यायालयातील हार ही इतिहासातील हार नसते. लाज वाटण्यासारखा प्रश्नही जाणत्या माणसाला विचारता येतो, ही गोष्ट मराठी वाचकाला कर्व्यांनी शिकविली. त्यांची किंमत त्यांनी स्वतः भरली.

स्वातंत्र्यानंतर १९५४ साली बंगलोरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली, आणि तेथे मानसशास्त्राच्या पदवीधरांना रोग्यांवर उपचार करण्याचे रीतसर शिक्षण मिळू लागले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पतंजलीच्या योगसूत्रांचा आधार घेऊन एक उपचारपद्धती बसविली आणि तिचे निष्कर्ष १९७० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांतून मांडले. डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ साली असा विचार मांडला की, पाश्चात्त्य उपचारक रोग्यापासून चार हात दूर राहतो, तसे आपल्याकडे चालणार नाही. आपल्या माणसाच्या मनात गुरुशिष्याचा नमुना पक्का बसलेला आहे. या विचारात तथ्य आहे आणि धोकाही आहे, त्याकडे पुढे येऊ.

मुंबईचेच कि. मो. फडके यांनी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी तीन दशकांहून अधिक काळ पत्रव्यवहार केला आणि त्यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत रुजविली. पुन्हा टपालच! प्रसंग माणसाला जितका दुःखी करतो, त्याहून त्या प्रसंगाविषयीचे त्याचे हट्टी विचार त्याला अधिक दुःखी करतात, हे या पद्धतीचे सूत्र. "सगळ्यांनी मला चांगले म्हटलेच पाहिजे" यातील 'च' काढून टाकावयाला शिकणे, हे पुष्कळांच्या उपचाराचे सार असते. याच परंपरेतील डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये मानसिक आरोग्याची संस्था काढली, ती कोठे? तर ठाण्यातच. ज्या गावाचे नाव घेऊन लोक एकमेकांना वेड्यात काढीत, त्याच गावी लोक आपण होऊन, वेळ ठरवून, कधी मुलाची परीक्षा म्हणून, कधी नवरा-बायकोचे जमत नाही म्हणून, कधी झोप येत नाही म्हणून जाऊ लागले.

५

इतिहास येथपर्यंत आला. आता आजच्या पहिल्या तासाकडे वळू. कारण घराघरांत प्रश्न असतो तो हाच. नाहूरच्या एखाद्या इमारतीतून एक बाई निघाली आहे, असे समजा. सहा महिने झोप नाही, मुलांवर विनाकारण ओरडते, आणि रात्री स्वयंपाकघरात उभी राहून रडते. तिने धीर करून वेळ घेतली आहे. तिने काय अपेक्षा ठेवावी?

पहिली गोष्ट, आपण कोणाकडे चाललो आहोत ते तिने विचारून घ्यावे. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेतलेला डॉक्टर असतो. तो औषधे देऊ शकतो. चिकित्सा करणारा मानसशास्त्रज्ञ बोलण्याच्या उपचारांत आणि चाचण्यांत तयार झालेला असतो. त्याची नोंदणी १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. समुपदेशक म्हणवणाऱ्यांचे शिक्षण मात्र कमीअधिक असते. म्हणून शिक्षण आणि नोंदणी विचारणे हा उद्धटपणा नव्हे. आपण सोनाराला हॉलमार्क विचारतोच की!

दुसरी गोष्ट, पहिल्या भेटीत बहुधा उपचारकच अधिक विचारील. भेट साधारणपणे पाऊण तास ते तासभर चालते. काय त्रास होतो, केव्हापासून, झोप कशी, भूक कशी, घरात कोण कोण, पूर्वी कधी असे झाले होते का, कोणती औषधे चालू आहेत, दारू-तंबाखू किती, असे प्रश्न येतील. जीव द्यावासा वाटतो का, असेही विचारतील. हा प्रश्न ऐकून घाबरू नये आणि रागावूही नये. तो विचारल्याने तसा विचार मनात पेरला जात नाही; उलट, असलेला विचार उजेडात येतो आणि माणूस वाचू शकतो. तेथे खरे उत्तर द्यावे.

तिसरी गोष्ट, गुप्ततेविषयी उपचारकाने आपण होऊन सांगितले पाहिजे. न सांगितल्यास विचारावे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २९ मे २०१८ पासून अमलात आहे, रोग्याला गुप्ततेचा हक्क देतो. त्याला अपवाद आहेत: कोणाच्या जिवाला धोका असेल, न्यायालयाचा हुकूम असेल, वगैरे. पण सासूने फोन करून "आमची सून काय म्हणाली?" असे विचारले, तर तो अपवाद होत नाही.

चौथी गोष्ट, फी, वेळ, किती दिवसांनी यावयाचे, येणे रद्द करावयाचे तर किती आधी कळवावयाचे, हे सगळे पहिल्याच भेटीत ठरवावे. मराठी माणसाला पैशांचे बोलणे अवघड वाटते. पण फ्रॉइडने शंभर वर्षांपूर्वी सांगून ठेवलेले आहे की, येथे संकोच उपयोगाचा नाही. परवडत नसेल तर तेही सांगावे. सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत हे विभाग आहेतच.

पाचवी गोष्ट, पहिल्या दिवशी सल्ला मिळेलच असे नाही. "नवऱ्याला सोडू का?" याचे हो किंवा नाही असे उत्तर जो पहिल्याच तासात देतो, त्याच्यापासून जपावे. परतताना हलके वाटेल, किंवा उलट थकवा येईल, रिकामे वाटेल, उगीच इतके बोललो असेही वाटेल. यांतले काहीही झाले तरी ते अपेशाचे लक्षण नव्हे. अनेक वर्षे बंद असलेली खोली उघडली की आधी धूळच उडते.

६

आता एक निराळा प्रसंग. उपचार पूर्वी चालू होते, पण उपचारक गाव सोडून गेला, किंवा फी झेपेना, किंवा सूर जुळेना, आणि आता नव्या माणसाकडे जावयाचे आहे. हा प्रसंग पहिल्यापेक्षा कठीण असतो. पहिल्या वेळी भीती अनोळखी गोष्टीची असते. दुसऱ्या वेळी कंटाळा असतो ओळखीच्या गोष्टीचा. "पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगावयाचे?" वडिलांचे जाणे, तो अपघात, तो अपमान, पुन्हा एकदा? शिवाय मनाच्या कोपऱ्यात थोडी अपराधी भावनाही असते, जणू जुन्या माणसाशी आपण बेइमानी करीत आहोत.

येथे काही व्यवहाराच्या गोष्टी उपयोगी पडतात. जुन्या उपचारकाकडून शक्य असल्यास उपचारांचा सारांश लिहून घ्यावा. औषधांच्या चिठ्ठ्या जपून न्याव्यात. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगाव्यात: पूर्वी कशाचा उपयोग झाला, कशाचा झाला नाही, आणि कशाविषयी बोलावयास आपली अजून तयारी नाही. सगळी कथा एका दमात सांगितलीच पाहिजे असे नाही. आणि गंमत अशी की, तीच कथा दुसऱ्याला सांगताना ती तशीच राहत नाही. पहिल्याला सांगताना जो भाऊ खलनायक होता, तो दुसऱ्याला सांगताना निव्वळ घाबरट माणूस ठरतो. कथा बदलली, याचा अर्थ सांगणारा बदलला. मागचे उपचार वाया गेले नाहीत, याचा यापरता पुरावा कोणता?

नवा माणूस योग्य आहे की नाही, हे कसे ठरवावे? एडवर्ड बॉर्डिन या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली या नात्याचे तीन भाग सांगितले: कोठे जावयाचे यावर दोघांचे एकमत, कसे जावयाचे यावर एकमत, आणि परस्परांविषयी विश्वास. पद्धती कोणतीही असो, हे नाते चांगले जुळणे हे गुण येण्याचे एक मोठे लक्षण आहे, असे त्यानंतरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसून आले. म्हणून तीन-चार भेटी द्याव्यात. एका भेटीवर निकाल लावू नये. बरे वाटत नसेल, तर न सांगता जाणे बंद करण्याऐवजी तेथेच सांगावे: "तुम्ही मागच्या वेळी जे बोललात ते मला लागले." आयुष्यभर ज्याला कोणाला 'नाही' म्हणता आले नाही, त्याने हे एक वाक्य उच्चारले तर तोच त्या दिवसाचा उपचार झाला! चांगला उपचारक हे ऐकून घेतो. तरीही जुळले नाही तर दुसरीकडे जावे. चांगला उपचारक स्वतःच दुसरे नाव सुचवितो.

आणि येथे नेकींच्या गुरुशिष्य-कल्पनेतील धोका आठवावा. गुरूला प्रश्न विचारावयाचा नसतो, अशी आपली समजूत. उपचारकाला प्रश्न विचारलेच पाहिजेत. जो हमखास बरे करण्याचे वचन देतो, चालू औषधे डॉक्टरला न विचारता एकदम बंद करावयास सांगतो, एका रोग्याच्या गोष्टी नावानिशी दुसऱ्याला सांगतो, किंवा खोलीबाहेर सलगी करू पाहतो, त्याच्याकडून त्या क्षणी उठून यावे. तो ज्ञानेश्वर नव्हे, आणि आपण त्याचे चांगदेव नव्हे.

७

शेवटी घरातल्यांसाठी दोन शब्द. कारण दिवाळी अंक घरात सगळेच वाचतात. बंगलोरच्या संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक त्रास असल्याचे आढळले, आणि त्यांतील बहुसंख्यांना उपचार मिळालेले नव्हते. दहांत एक, म्हणजे फराळाला जमलेल्या गोतावळ्यात दोघे-तिघे असावयाचेच. ते कोण, हे शोधीत बसू नये. पण कोणी आपण होऊन सांगितले, तर "तुला काय कमी आहे?" हे वाक्य गिळून टाकावे. ते बोलणाऱ्याला धीराचे वाटते, ऐकणाऱ्याला आरोपाचे. उपचारकाकडून परतलेल्याला "काय काय बोललास?" असेही विचारू नये; त्याला सांगावेसे वाटले तर तो सांगेल. आणि कोणी जीव देण्याची भाषा केली, तर ती थट्टा समजू नये. त्याला एकटे सोडू नये. १४४१६ हा सरकारी 'टेलिमानस' सेवेचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे; तो मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

नाहूरहून ठाणे दोन स्टेशने. मध्ये फक्त मुलुंड. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमापासून येथवर यावयास मात्र शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्यांतील शेवटचे अंतर अजून घराघरांतच कापावयाचे राहिले आहे. घरातले कोणी सहज म्हणाले, "गुरुवारी मला ठाण्याला जावयाचे आहे, डॉक्टरांकडे," तर दाताच्या डॉक्टरकडे निघालेल्या माणसाला आपण जे म्हणतो तेच म्हणावे: "बरे, जाऊन ये. येताना दूध आण."